आर वापरून विमानमार्गांचा नकाशा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेल्या हजारो बारीक कमानी असलेला जगाचा नकाशा तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच. तो आर या सांख्यिकी भाषेत फुकटात करता येतो, आणि चित्र काढणाऱ्या ओळी जेमतेम दहा-बारा असतात. बहुतेक धडे तेवढ्याच शिकवतात. पण विद्यार्थी अडकतात ते त्याच्या आधी. यादीतली मुंबई नॉर्वेच्या वर का गेली, एक आडवी रेघ सगळा नकाशा चिरत का निघाली, दोन गावांमधली रेघ सरळ का नाही, हे प्रश्न तिथेच उभे राहतात. म्हणून या लेखात रंगरंगोटीपेक्षा त्या अडचणींनाच जास्त जागा दिली आहे.

फंक्शनांची (आरला द्यायच्या आज्ञांची) आणि पॅकेजांची (आरमध्ये वरून घालायच्या जोडसंचांची) नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आरस्टुडिओत, म्हणजे आरचा कोड लिहायच्या-चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की पुढचं नाव आपोआप सुचवलं जातं, त्यामुळे स्पेलिंगची काळजी नको. उदाहरण म्हणून मुंबईहून सुटणारे मार्ग घेऊ.

## काय काय लागेल

- आर, आणि त्यावर आरस्टुडिओ. दोन्ही मोफत. विंडोजवर आरची ४.२ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्या, कारण तेव्हापासून तिथे यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) आलं आणि देवनागरीचा त्रास बराच कमी झाला.
- पॅकेजं: याद्या हाताळायला रीडआर आणि डीप्लायर, पृथ्वीच्या गोलावरचं गणित करायला जिओस्फिअर, नकाशासाठी एसएफ आणि आरनॅचरलअर्थ, चित्रासाठी जीजीप्लॉट२, चित्र साठवायला रॅग. जिओस्फिअरच्या रेघा एसपी नावाच्या जुन्या पॅकेजाच्या साच्यात येतात, तेव्हा तेही घालून ठेवा.
- ओपनफ्लाइट्स प्रकल्पाच्या दोन फायली: विमानतळांची आणि मार्गांची.
- आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप पुरतो.

लिनक्सवर एसएफ बसवताना जीडॅल, जिऑस आणि प्रोज या तीन लायब्ररी आधी सिस्टिममध्ये असाव्या लागतात. विंडोज आणि मॅकवर त्या पॅकेजाबरोबरच येतात.

एक इशारा इथेच. शोधल्यावर सापडणारे बरेच धडे मॅपटूल्स, आरजीडॅल आणि आरजिऑस या पॅकेजांवर उभे आहेत. ही तिन्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. धड्याच्या पहिल्या चार ओळींत यांपैकी एक जरी दिसलं तरी तो धडा बंद करा. दुरुस्त करत बसण्यात संध्याकाळ जाते.

## १. कोणत्या काळाचा नकाशा काढताय ते आधी ठरवा

ओपनफ्लाइट्सची मार्गांची यादी जून २०१४ नंतर अद्ययावत झालेली नाही. तिच्यात ६७,६६३ मार्ग, ३,३२१ विमानतळ आणि ५४८ विमान कंपन्या आहेत. शिकायला ती उत्तम आहे. पण तिच्यात जेट एअरवेज अजून जोरात उडते आहे, विस्ताराचा जन्म झालेला नाही, आणि शिर्डी, सिंधुदुर्ग, मोपा, नवी मुंबई यांचा पत्ताच नाही. त्यामुळे या यादीवरून काढलेल्या नकाशाला ‘भारताचे विमानमार्ग’ असं नाव देऊन कुणाला पाठवू नका. ‘जून २०१४ ची स्थिती’ असं लिहा.

आजची देशांतर्गत वाहतूक हवी असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला शहरांच्या जोड्यांनुसार प्रवासीसंख्या प्रसिद्ध करतं. तिथे विमानतळांचे कोड नसून शहरांची नावं असतात, म्हणून जोडकाम वाढतं. केवळ हात बसवायचा असेल तर एनवायसीफ्लाइट्स१३ हे पॅकेज बघा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन विमानतळांवरून सुटलेली ३,३६,७७६ उड्डाणं त्यात तयार आहेत, काही उतरवून घ्यावं लागत नाही.

## २. विमानतळांची यादी वाचा

ओपनफ्लाइट्सच्या फायलींना शीर्षकाची ओळ नसते. वाचताना तसं सांगितलं नाहीत तर पहिला विमानतळच स्तंभांची नावं होऊन बसतो. स्तंभांची नावं स्वतः द्या. क्रम असा आहे: क्रमांक, नाव, शहर, देश, तीन अक्षरी आयाटा कोड, चार अक्षरी आयकाओ कोड, अक्षांश, रेखांश, उंची (फुटांत), आणि पुढे वेळेचे स्तंभ वगैरे. ते सोडून दिलेत तरी चालतं.

रिकाम्या जागी या फायलीत उलटी तिरकी रेघ आणि त्यापुढे मोठं एन असतं. हे ‘गहाळ मूल्य’ आहे असं वाचतानाच आरला सांगा, नाहीतर आकड्यांचा अख्खा स्तंभ अक्षरांचा समजला जाईल.

ताजी यादी हवी म्हणून तुम्ही अवरएअरपोर्ट्स या विमानतळांच्या दुसऱ्या खुल्या यादीची फाइल घेतलीत तर तिथे उलटा सापळा आहे. नामिबियाचा देश-कोड एन-ए आहे, आणि त्या फायलीत उत्तर अमेरिका खंडही एन-एच आहे. आरमध्ये एनए म्हणजे ‘माहिती नाही’. म्हणजे एक देश आणि एक खंड मुकाट्याने गायब. इथे उलट सांगावं लागतं: फक्त रिकामी जागा गहाळ धर, एन-ए ही अक्षरं तशीच ठेव.

## ३. मार्गांची यादी झाडून घ्या

मार्गांच्या फायलीत नऊ स्तंभ आहेत: कंपनीचा कोड आणि क्रमांक, निघण्याच्या विमानतळाचा कोड आणि क्रमांक, पोचण्याच्या विमानतळाचा कोड आणि क्रमांक, कोडशेअर, थांबे, विमानाचा प्रकार.

यातली प्रत्येक ओळ म्हणजे एका कंपनीचा एका दिशेचा मार्ग. मुंबई–दिल्ली पाच कंपन्या उडवत असतील तर जायच्या पाच आणि यायच्या पाच अशा दहा ओळी. त्या सगळ्या काढल्यात तर दहा रेघा एकावर एक बसतात, आणि पारदर्शक रंग असेल तर तो मार्ग उगाच झगझगीत दिसतो. ती झळाळी प्रवाशांची किंवा उड्डाणांची आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती कंपन्यांची संख्या असते. मार्ग दिवसातून एकदा उडतो की वीसदा, हे या फायलीत कुठेच नाही.

म्हणून हे करा: कोडशेअरच्या खुणेच्या ओळी आधी काढून टाका, कारण तिथे एकाच विमानाची तिकिटं दुसरी कंपनी विकत असते. मग प्रत्येक जोडीतले दोन कोड वर्णक्रमाने लावा (आरमध्ये पीमिन आणि पीमॅक्स ही फंक्शनं अक्षरांवरही चालतात), म्हणजे जाणं-येणं एकच जोडी होईल. शेवटी डीप्लायरच्या काउंटने मोजा. हाती लहानसं कोष्टक येईल: पहिला विमानतळ, दुसरा विमानतळ, ओळींची संख्या. या संख्येत दोन्ही दिशा मिळून मोजल्या गेल्या आहेत हे लक्षात असू द्या.

## ४. दोन याद्या जोडा, पण शहराच्या नावावर नको

हैदराबाद भारतात आहे आणि सिंधमध्येही. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. शहराच्या नावावर जोडलंत तर मुंबईचं विमान बिनधास्त सिंधमध्ये उतरवाल, आणि आर एका शब्दानेही हटकणार नाही. जोडणी आयाटा कोडवर करा. गोव्याला आता दोन कोड आहेत: दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. ‘गोवा’ या नावाखाली ते एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे हे आधी ठरवलेलं बरं.

जोडणी दोनदा होते, एकदा निघण्याच्या बाजूने आणि एकदा पोचण्याच्या. त्यानंतर ज्यांना अक्षांश-रेखांश मिळालेच नाहीत अशा ओळी डीप्लायरच्या अँटीजॉइनने (जोडीदार न मिळालेल्या ओळी दाखवणारं फंक्शन) वेगळ्या काढून डोळ्यांनी बघा. सरळ फिल्टर करून फेकू नका. एनवायसीफ्लाइट्स१३ मध्येच उदाहरण आहे: चार गंतव्यं विमानतळांच्या कोष्टकात सापडत नाहीत, आणि ती चारही कॅरिबियनमधली आहेत, पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन बेटांची. न बघता फेकलीत तर न्यूयॉर्कहून तिकडे कुणी जातच नाही असा नकाशा तयार होईल.

## ५. आधी नुसते ठिपके टाका

रेघांची घाई नको. नुसते विमानतळ ठिपक्यांनी टाका आणि नकाशा ओळखू येतो का ते बघा.

आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, फायलीतही अक्षांश आधी आहे. जिओस्फिअर आणि एसएफ दोघांनाही मात्र रेखांश आधी हवा, कारण आडवा अक्ष तो. अदलाबदल झाली तर १९ उत्तर, ७३ पूर्व इथली मुंबई ७३ उत्तर, १९ पूर्व इथे जाते, म्हणजे नॉर्वेच्या टोकाच्याही वर थंडगार समुद्रात. न्यूयॉर्क अंटार्क्टिकावर पोचतं. गंमत अशी की या दोघांसाठी काहीच त्रुटी दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को घातलंत तर जिओस्फिअर अडतं, कारण १२२ अंश अक्षांश असूच शकत नाही. म्हणजे त्रुटी आली नाही याचा अर्थ क्रम बरोबर आहे असा होत नाही.

दुसरी तपासणी अंतराची. जिओस्फिअरच्या डिस्टजिओ फंक्शनने मुंबई ते लंडन हीथ्रो अंतर काढा. ते मीटरमध्ये येतं. साधारण ७,२०० किलोमीटर आलं तर पुढे चला.

## ६. रेघ वाकवा

या लेखातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मुंबई आणि न्यूयॉर्क हे दोन ठिपके सपाट नकाशावर पट्टीने जोडले तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया अशी वाळवंटातून जाते. आता पृथ्वीच्या गोलावर त्याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. तो सिंध-बलुचिस्तानवरून अफगाणिस्तानात, तिथून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोजवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि चक्क आइसलँडवरून जातो. हा सर्वांत जवळचा रस्ता, सुमारे १२,५३० किलोमीटरचा. यालाच बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला की पृष्ठभागावर उमटणारं वर्तुळ. नकाशावर तो वाकडा दिसतो कारण वाकडेपणा नकाशात आहे.

काम करणारं फंक्शन जिओस्फिअरमधलं जीसीइंटरमीडिएट. त्याला सुरुवातीच्या बिंदूंचं कोष्टक आणि शेवटच्या बिंदूंचं कोष्टक द्या (दोन-दोन स्तंभ, रेखांश आधी), मग मधले बिंदू किती हवेत ते. काही न सांगितल्यास ५० घेतं. लांब मार्गांना १०० दिलेत तर कमान गुळगुळीत येते. टोकांचे बिंदू धरण्याचा पर्याय, अ‍ॅडस्टार्टएंड, मुद्दाम चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर रेघ विमानतळाच्या थोडी अलीकडेच थांबते, आणि जवळून पाहिल्यावर सगळा नकाशा तुटका वाटतो.

एकेका ओळीसाठी लूप चालवू नका. हे फंक्शन पूर्ण कोष्टक एकदम घेतं. एसपी हा पर्याय चालू ठेवून मिळालेलं उत्तर एसएफच्या एसटी-अ‍ॅज-एसएफने बदलून घ्या, आणि त्याला मोजणीचा स्तंभ चिकटवा. रेघा दिल्या त्याच क्रमाने परत येतात, फक्त मधे कोष्टकाचा क्रम हलवू नका. निर्देशांक पद्धत ४३२६ (म्हणजे साधे अक्षांश-रेखांश) आहे ना, तेही एकदा बघून घ्या.

जीजीप्लॉट२ मध्ये जिओमकर्व्ह नावाचं फंक्शन आहे, आणि कित्येक सुंदर नकाशे त्याच्यावर काढलेले असतात. त्याची कमान निव्वळ शोभेची असते. किती वाकायचं हे तुम्ही सांगता, भूगोल नाही. वर्तमानपत्रातल्या चौकटीसाठी हरकत नाही, पण त्याला विमानमार्ग म्हणू नये.

## ७. नकाशा चिरणारी आडवी रेघ

मुंबईहून युरोप, आखात, सिंगापूर काढेपर्यंत सगळं ठीक असतं. मग दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को घालता आणि नकाशाच्या उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत एक दांडा उमटतो. कारण हा जवळचा रस्ता ७५ अंश उत्तरेच्याही वर चढून पूर्वेकडून १८० रेखावृत्त ओलांडतो. तिथे रेखांश +१८० वरून एकदम −१८० होतो, आणि आर ते दोन बिंदू इमानाने जोडून टाकतो.

उपाय: जीसीइंटरमीडिएटमध्येच ब्रेकअ‍ॅटडेटलाइन हा पर्याय चालू करा. रेघ दोन तुकड्यांत मिळते. एसपी पर्याय चालू नसेल तर मात्र अशा मार्गांसाठी यादीत एका कोष्टकाऐवजी दोन कोष्टकांची उपयादी येते, आणि पुढची ओळ कोसळते. त्यासाठीही एसपी चालूच ठेवा. रेघा आधीच तयार असतील तर एसएफचं एसटी-रॅप-डेटलाइन तेच काम करतं.

## ८. खालचा नकाशा, आणि भारताची सीमा

देशांच्या आकृत्या आरनॅचरलअर्थ पॅकेजातून मिळतात. जगाच्या नकाशाला मध्यम प्रमाण, म्हणजे १:५ कोटी, पुरेसं. महाराष्ट्राएवढा तुकडा काढायचा तर १:१ कोटीचं घ्या, नाहीतर कोकण किनारा कात्रीने कापल्यासारखा दिसेल.

आता महत्त्वाचं. नॅचरल अर्थच्या मूळ फायलीत जम्मू-काश्मीरच्या सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार आहेत, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नाहीत. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमात १९९० मध्ये ही तरतूद आली, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घरच्या लॅपटॉपवर सराव करताना याने फरक पडत नाही. महाविद्यालयाच्या अहवालात, मासिकात किंवा समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर पडतो.

दोन मार्ग आहेत. नॅचरल अर्थच भारताच्या भूमिकेनुसार आखलेली देशांची वेगळी फाइल १:१ कोटी प्रमाणात देतं. ती वापरा आणि सर्वेक्षण विभागाच्या राजकीय नकाशाशी ताडून घ्या. किंवा सीमा काढूच नका: देशांऐवजी नुसत्या भूभागाचा थर घ्या. विमानमार्गांच्या नकाशात मला दुसराच पर्याय आवडतो. रेघांच्या गर्दीत देशांच्या सीमा तशाही अडगळ होतात.

## ९. प्रक्षेपण निवडा

जीजीप्लॉट२ च्या कोऑर्डएसएफमध्ये प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, बदलता येतं, रेघा पुन्हा मोजाव्या लागत नाहीत. मर्केटर टाळा, उत्तरेकडच्या कमानी त्यात अवाढव्य फुगतात. सगळ्या जगासाठी रॉबिन्सन चांगलं दिसतं.

एकाच विमानतळाचे मार्ग काढायचे असतील तर समदूरस्थ दिगंशीय प्रक्षेपण वापरून बघाच. प्रोजमध्ये त्याचं नाव एईक्यूडी. मध्यबिंदू म्हणून अक्षांश १९.०९ आणि रेखांश ७२.८७ द्या. मुंबई मधोमध येते आणि मुंबईहून निघणारं प्रत्येक बृहद्वृत्त सरळ रेघ होतं, शिवाय मुंबईपासूनचं प्रत्येक अंतर प्रमाणात खरं उतरतं. दोन, पाच, दहा हजार किलोमीटरची वर्तुळं टाकलीत की दुबई आणि टोरांटो यांतला फरक एका नजरेत कळतो. दिल्लीहून सुटणाऱ्या रेघा मात्र याच नकाशावर पुन्हा वाकतील.

गोलासारखं दिसणारं ऑर्थोग्राफिक प्रक्षेपण मोहात पाडतं. त्यात पलीकडच्या अर्ध्या गोलावरचे देश आधी कापून टाकावे लागतात, नाहीतर आकृत्या फाटतात. पहिल्या नकाशाला ते घेऊ नका.

## १०. रंग, नावं, साठवण

हजारो रेघा असतील तर पारदर्शकता ०.०५ च्या आसपास ठेवून वाढवत न्या. संख्येनुसार कोष्टक चढत्या क्रमाने लावून मग रेघा काढा, म्हणजे ठळक मार्ग वर येतात.

शहरांची नावं मराठीत हवी असतील तर थोडं काम आहे. आरचं नेहमीचं पीडीएफ साधन देवनागरी जोडाक्षरं नीट लावत नाही. वेलांटी भलत्या बाजूला जाते, नाहीतर नुसते चौकोन दिसतात. रॅग पॅकेजाच्या पीएनजी साधनाने चित्र साठवा आणि अक्षरप्रकार म्हणून संगणकावर बसवलेला नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता द्या. ‘सॅन फ्रान्सिस्को’ आणि ‘दिल्ली’ ही दोन नावं नीट दिसली की बाकीचीही दिसतील. आरस्टुडिओच्या चित्रखिडकीवर विश्वास ठेवू नका, साठवलेली फाइल उघडून बघा. छापायचं असेल तर ३०० डीपीआय.

## ११. खाली काय लिहायचं

तुम्ही काढलेली रेघ हा विमानाचा प्रत्यक्ष मार्ग नाही. वारा, बंद आकाश, इंधन यांनी तो बदलतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा फायदा घेत पॅसिफिकवरून गेलं आणि साधारण १५,३०० किलोमीटर उडालं. बृहद्वृत्ताने हे अंतर १२,४०० च्या आत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा मुंबई–न्यूयॉर्कची आपली सुंदर कमान भारतीय कंपनीसाठी पहिल्या टप्प्यातच अशक्य झाली. खरे मार्ग हवेत तर विमानांनी स्वतः प्रसारित केलेल्या स्थानांच्या नोंदी लागतात. ओपनस्काय नेटवर्क त्या संशोधनासाठी देतं, पण त्यांचे संदेश पकडणारे संच (रिसीव्हर) जमिनीवर असल्यामुळे महासागरांवर रेघा तुटतात.

म्हणून नकाशाखाली तीन गोष्टी लिहा. माहिती ओपनफ्लाइट्सची, जून २०१४ पर्यंतची (त्यांच्या परवान्यानुसार श्रेय देणं बंधनकारकच आहे). रेघा दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर दाखवतात. जाडी किंवा रंग मार्गावरच्या कंपन्यांच्या नोंदी दाखवतो, उड्डाणांची संख्या नाही.